टेकचंदचं वाया गेलेलं वर्ष

गोंदियाजवळच्या मुर्री गावच्या धुरपताबाईचा धाकटा मुलगा टेकचंद गणित घेऊन बी.एस्सी. झाला, तेव्हा घरात जिलेबी आली. आता पोरगा गोंदियाला मास्तर होणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण त्याला पुढं शिकायचं होतं.

"एक परीक्षा पास झाला, आणिक दुसरी कायले?" थोरला भाऊ भैयालाल म्हणाला. "मास्तरकी भेटून राहिली ना?"

"मले शिकाचा आहे, भाऊ." याहून जास्त त्याला सांगता आलं नाही.

नागपूरच्या जागा भरल्या होत्या. प्रयागहून नकार आला. प्राध्यापकांकडून शिफारशी आणायच्या, तेच तेच अर्ज पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहायचे, यातच उन्हाळा गेला. गणिताच्या पुस्तकाला त्याचा हात लागला नव्हता. शेवटी कलकत्त्याहून होकार आला, तेव्हा आनंद व्हायच्या आधी त्याला शीण जाणवला.

सन सेहेचाळीसच्या जुलैत तो मेल गाडीनं निघाला. पुढं डोंगरगडला एक उंच, हसरा मुलगा डब्यात चढला. गोवर्धन त्याचं नाव. तोही गणितालाच चालला होता. हावडा येईपर्यंत दोघांनी विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये राहायला एकच खोली घ्यायचं ठरवूनही टाकलं.

गोवर्धन भराभर शिकायचा. वर्गात टेकचंदच्या डोक्यावरून गेलेलं तो जेवताना ताटातल्या भातावर बोटानं रेघा ओढून समजावायचा. "धीरे-धीरे आएगा," म्हणायचा. हळूहळू येतही होतं.

ऑगस्टात दंग्यांनी शहर पेटलं. मेसची दारं आतून लावून पोरं बसून राहिली. आरडाओरडा जरा थांबल्यासारखा वाटला, तसा गोवर्धन तांदूळ बघायला बाहेर पडला. टेकचंदनं त्याला अडवलं नाही, कारण तांदूळ खरंच संपला होता. गोवर्धन परत आला नाही. पुढं इस्पितळाच्या आवारात टेकचंदनं त्याला कुर्त्यावरून ओळखलं.

गाड्या सुरू झाल्यावर तो स्वतःची वळकटी आणि गोवर्धनची पेटी घेऊन निघाला. तार आधीच गेली होती. डोंगरगडच्या फलाटावर गोवर्धनचे वडील उभे होते. टेकचंदनं पेटी खाली उतरवून दिली. त्यांनी ती उघडली नाही, रडलेही नाहीत. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा त्यांनी विचारलं, "पढ़ने में कैसा था?"

"मुझसे अच्छा."

त्यांनी मान हलवली. गाडी हलली.

गोंदियाला भैयालाल बैलगाडी घेऊन आला होता. त्यानं वळकटी उचलून गाडीत ठेवली. गावात लोक विचारायचेच, "काऊन परत आलास रे? नाई जमलं का?" "नाई जमलं," टेकचंद सांगायचा. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. लवकर येणाऱ्या हलक्या धानाची कापणी झाल्यावर तो गोंदियाच्या एका शाळेत दशांश अपूर्णांक शिकवायला लागला. पोरं ऐकायची, तो शिकवायचा, संध्याकाळी चालत घरी यायचा. दिवस कसे सरले, हे त्याला पुढं कधीच नीट आठवलं नाही.

उन्हाळ्यात त्यानं पुन्हा नागपूरचा अर्ज आणला. आपण तो का आणला, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. 'मागील संस्था सोडण्याचे कारण' यापुढं बोटभर जागा होती. तिथं तो बराच वेळ अडला. शेवटी 'घरगुती अडचण' असं लिहून मोकळा झाला.

मुलाखतीत विभागप्रमुखांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "कसली अडचण होती?"

"माझ्या खोलीतला मित्र दंग्यात गेला, सर. त्याची पेटी पोचवली. मग परत जावंसं वाटलं नाही."

पंखा फिरत राहिला. प्रमुखांनी चष्मा पुसला आणि अनंत श्रेढीच्या अभिसरणाचं एक गणित घातलं. टेकचंद फळ्याशी गेला. अर्ध्यापर्यंत बरोबर आला आणि थांबला. पुढचं काही केल्या सुचेना. खडू हातात धरून तो म्हणाला, "येत नाही."

"उरलेलं इथं येऊन करा," प्रमुख म्हणाले.

होकार आला तेव्हा माय धानाच्या बांधीत रोपांचा रोवणा करत होती. गुडघाभर चिखलात उभ्या उभ्याच तिनं ऐकलं.

"पुन्ना जाऊन राहिला?"

"हो माय. आता नागपूरले."

"तुले जावासा वाटते का?"

टेकचंद बांधावर बसला. "थकून गेलो, माय. पण घरी बसूनही थकूनच राहिलो."

तिनं हातातली धानाची रोपं खाली रोवली, कंबर सरळ केली. "मंग जाय. आन दोन्ही टाइम जेवत जाय."

दोन दिवसांनी भैयालालनं गाडी जुंपली. स्टेशनावर वळकटी डब्यात टाकून तो खिडकीशी आला आणि अवघडल्यासारखा म्हणाला, "समजलं नाई तं परत ये. कोणी काई म्हणणार नाई."

टेकचंदनं मान हलवली. गाडी सुटली. दोन्ही बाजूंनी पाण्यानं भरलेल्या बांध्या मागं जायला लागल्या, आणि कामठी यायच्या आधीच त्याचा डोळा लागला.