पिच्चरात गेलेली जोडी

पोयाच्या दिवशी आमच्या गावात बैल तोरनाखाली मानसानंच न्यायचे, बाईनं नाही. मी घरी बैल धुवाव, शिंगं रंगवाव, पाठीवर झूल टाकाव, अन् कासरा पुतन्याच्या हाती द्याव. पुतन्या म्हनजे माह्या भासऱ्याचा पोरगा. भासरे म्हनजे माह्या मालकाचे थोरले भाऊ. अशे तीसेक पोये गेले. दोन जोड्या म्हाताऱ्या होऊन गेल्या, तिसरी आली, पन पोयाले कासरा माह्या हाती काही आला नाही. एकदा तरी आपली जोडी आपल्या हातानं तोरनाखाली उभी कराव, एवढंच मले वाटे. कोनाले सांगतलं नाही. सांगून काय होते.

मालक गेले तवा एक पोरगी चालती होती अन् एक अंगावर पेत होती. त्याईले वावरात पान लागलं. साप चावला तं आमच्याकडं असंच म्हनतात. दोन महिन्यानं पेरनीचे दिवस आले अन् वावर तसंच पडून. मी वखर धरला. पयल्या दिवशी तास कुठच्या कुठं गेलं. हाताले फोड आले, त्याच्यावर हयद लावली अन् दुसऱ्या दिवशी परत गेली.

तिसऱ्या दिवशी जाऊ वावराच्या धुऱ्यावर येऊन उभी राह्यली. म्हने, "ते म्हनतात, घरच्या बाईनं औत धरू नाही. घरातली बरकत जाते."

ते म्हनजे भासरे. ते स्वता नाही बोलत. आमच्यात तशी रीतच हाय. भासरे दिसले का आपन पदर घेऊन बाजूले व्हाव. त्याईनं बी लहान्या भावाच्या बायकोशी तोंडानं बोलू नाही. काही सांगाचं असन तं तिसऱ्याले सांगाव.

मी म्हनलं, "त्याईले इचारा, मंग पोरी काय खातीन?"

अन् परत वखर धरला. त्या साली पेरनी झाल्यावर पानी दडी मारून बसला. हिरीवर बाया माहं नाव घेऊन बोलल्या, बाईनं औत धरलं म्हनून पानी गेला. मी आयकलं, गुंडी भरली अन् घरी आली. ते साल अंबाडीची भाजी अन् ज्वारीच्या कन्या खाऊन काढलं.

पन बैल शिकली. मले मारता येत नव्हतं, म्हनून बैलाले टोचाची तुतारी कधी हातात घेतली नाही. पुट्ठ्यावर तयहात ठेवाचा अन् जिभेनं टक् कराचं. तेवढ्यावर माहे बैल चालत. दुसऱ्याच्या हातानं नाही चालत. हे वाईटच, पन तशी सवय लागली. पोयाले पुतन्या कासरा धरे तवा बी मी तोरनापासून दूर, बायाच्या गर्दीत उभी राहून टक् करो. कोनाले कयत नसे.

मंग तो पिच्चर आला. दिवाई होऊन गेलती, कपाशी फुटून पांढरी झालती, अन् घाटंजीकडून गाड्याच गाड्या आल्या. जासूसाचा पिच्चर म्हने. आपला जासूस दुसऱ्या मुलखात जाते, तिथून कोनाले तरी सोडवून आनते. तो दुसरा मुलूख म्हनजे आमचंच गाव. समाजमंदिरावर भलत्याच भाषेची पाटी ठोकली. हापशीवर गवताचं खोपडं बांधलं, तं बाया पान्याले त्या खोपड्यात शिरत. जाऊ म्हने, "आपन तं बसल्या जागी परदेशात आलो वं!"

त्याईले बंडी-बैल पाह्यजे होते, तं माही बंडी अन् माही जोडी घेतली, एक बैल तांबडा, दुसरा काया. जासूस शेतकऱ्याचा वेश घेते, जखमी मानसाले कापसाखाली लपवते अन् बंडी हाकत पयते, असं होतं. हिरोले काही बंडी हाकता येत नव्हती. त्याच्यासारखे कपडे घालून मुंबईचा एक गडी बसवला. तो घोड्यावर बसनारा होता. त्यानं पयल्याच झटक्याले तांबड्याले दांडा मारला. तांबडा तिथंच जुवासकट बसला. तासभर खटपट केली, शेपटी पिरगायली, तांबडा काही उठेना. काया बी त्याच्या बाजूनं मान टाकून उभा.

मी धुऱ्यावरूनच टक् केलं. तांबडा उठून उभा राह्यला.

मोठा साहेब, सारे ज्याचं आयकत तो, मांग वयून म्हने, "ये किसने किया?"

गावच्या बायाईनं माह्याकडं बोट दाखवलं. तो मले वरून खाली पाहून म्हने, "माई को बिठाओ."

मले धोतर नेसवलं, सदरा घातला, डोक्याले फेटा बांधला. बाजूनं दिसलं तर म्हनून मिशी चिकटवली. जाऊ हसून हसून खाली बसली. "अवं, मिशीत तं तू सासऱ्यावानी दिसते! पाया पडू का?" मले बी हसू आलं. मंग खाली धोतराकडं पाह्यलं, तं त्याचा काठ मालकाच्या धोतरासारखाच होता. तवा हसू गेलं.

बंडी वावरातून काढाची, नाला पार कराचा, मांगून जीपा येतीन, गोया सुटतीन, असं सांगतलं. गोया खोट्या होत्या, पन आवाज खरा. मी टक् केलं. बैल चांगले निंघाले. मांग धडाम धडाम सुरू झालं, पांढऱ्या कपाशीतून धूर निंघाला. नाल्यात उतरली अन् मी बंडी थांबवली.

काठावरून साहेब वरडला, "माई! रुको मत! पीछे गोली चल रही है!"

मी म्हनलं, "गोयी चालू द्या. बैल तहानले हायत."

सकायपासून उन्हात उभे होते बिचारे. अन् आमची बंडी त्या नाल्यावर बैलाले पानी पाजल्याबिगर कधी पार होत नाही. मालकाची बी तीच रीत होती. तहानलेल्या बैलाले पान्यातून तसंच हाकलाव, असं मी आयुष्यात केलं नाही. मले ते सुचलंच नाही.

बैलाईनं मान खाली घातली. जीपा जोरात आल्या. त्याईले कोनी थांबा म्हनलंच नाही, त्या नाल्यावरच्या बाजूच्या पुलावरून तशाच पुढं निंघून गेल्या. मी कासरा ढिला सोडून बसली होती. साहेब चिडला असन असं मले वाटलं. तो डोक्याले हात लावून बसला, मंग एकदम हसला. म्हने, "यही रखो."

पिच्चर उन्हायात लागला. लहानी पोरगी यवतमायले दिली हाय, तिच्यासंगं टाकीत, म्हनजे थेटरात, गेली. आमचा सीन आला तवा मी खुर्चीच्या काठाशी सरकली. मांगून जीपा येते, अन् जासूस नाल्यात बंडी थांबवून निवांत बैलाले पानी पाजते. दुश्मनाले वाटते हा साधा शेतकरी हाय, ते तसेच पुढं जाते. सारी टाकी टाया पिटाले लागली. हिरोचं तोंड दाखवलं, मंग कासरा धरलेले हात दाखवले. तोंड त्याचं, हात माहे.

बाजूचा एक जाड बाप्या म्हने, "काय डोकं हाय बे हिरोचं!"

मी म्हनलं, "डोकं कायचं, बैल तहानले होते."

"तुमाले काय ठाऊक, आजी?"

पोरगी म्हने, "काका, ते हात माह्या आईचेच हायत."

त्यानं मले पाह्यलं, पडद्यावरच्या भरदार छातीच्या हिरोले पाह्यलं, अन् म्हने, "असं का? मंग हिरोइन मीच होतो!" मांगची सारी लाइन हसली.

पिच्चर काही चालला नाही. आठ दिवसात निंघून गेला. स्टोरीले शेंडा ना बुड, असं लोक म्हनत. पन तो नाल्याचा सीन मोबाइलावर फिरला. गावात घरोघरी पाह्यला. सारे म्हनत, "आपल्या गावची जोडी पिच्चरात आली!" जोडीचं नाव झालं. मले कोनी काही म्हनलं नाही.

मंग पोया आला. पंचाईतीनं ठरवलं, यंदा पिच्चरवाली जोडी तोरनाखाली साऱ्याईच्या समोर उभी कराची. पुतन्या नोकरीनं दूर गेलता, आला नाही. मी बैल सजवून पारापर्यंत आनले. सरपंचाचा पोरगा नवा शर्ट घालून आला अन् हात समोर केला. "द्या काकू, मी नेतो. फोटो बी काढाचा हाय."

पारावर म्हातारी मानसं बसली होती. भासरे बी काठी घेऊन बसले होते. मी पदर समोर ओढला अन् कासरा द्याले हात पुढं केला. दरवर्षी देते तसाच.

"देऊ नोको."

मले वाटलं दुसऱ्या कोनाले म्हनून राह्यले. मी खाली मान घालून तशीच उभी.

"तुलेच म्हनून राह्यलो." भासरे माह्याकडं पाहत होते. "मोबाइलात पाह्यलं म्या. गोया सुटून राह्यल्या अन् हे बैलाले पानी पाजून राह्यली. माहा भाऊ बी त्याच जागी थांबे." मंग सरपंचाच्या पोराले म्हने, "पिच्चरात कोनं हाकली जोडी? तं मंग इथं तू कायले नेतं? सरक."

कोनी तरी म्हनलं, "पन बाबाजी, बाई कशी..." भासऱ्यानं काठी जमिनीवर आपटली.

मी टक् केलं. बैल चालले. तोरनाखाली साऱ्याईच्या समोर उभी केली. बैलाईवरच्या गान्याच्या झडत्या सुरू झाल्या, गर्दी झाली, ढोल वाजला. तांबड्यानं तिथंच शेन टाकलं, माह्या पायावर. मी पाय काढला नाही.

तोरन तुटल्यावर जोडी घेऊन घरोघरी गेली, तशी भासऱ्याच्या दारी बी गेली. जावेनं बैलाचे पाय धुतले, टिया लावला, अन् बैल आननाऱ्याले देतात तो बोजारा माह्या तयहातावर ठेवला. पदराआडून मी भासऱ्याकडं पाह्यलं. ते तोवर मान फिरवून भिताडाकडं तोंड करून बसले होते.

भिताडालेच म्हने, "तिले सांग, कायाच्या खुराले खडा लागला हाय. घरी गेल्यावर तेल लाव म्हना."

जाऊ माह्यासमोरच उभी होती. तिनं मले सांगतलं. घरी गेल्यावर मी कायाच्या खुराले तेल लावलं.