उजव्या चाकाचा पट्टा

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. अण्णाजवळ नाही, वैनीजवळ नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही हे सोडून बाकी सगळं बोलले. आज लिहायला बसले आहे, तर समोर कुणीतरी ओळखीचं बसलं आहे असं धरून लिहिते. तू बस. मधे काही विचारू नकोस — मला कुणी समोरासमोर विचारलं की मी खोटं बोलते. तेच तर सांगायचं आहे.

पण ते एकदम नाही सांगता येत. आधी दुकानाचं सांगते.

आम्ही जीनगर. बेळगावच्या कॅम्पात आमचं दुकान, दुकानामागे घर, आणि मधे गोणपाटाचा पडदा. वडिलांच्या वेळी गोऱ्या सायबांचे घोडे असायचे, टांगे असायचे. जिनं, लगाम, पट्टे, एवढं काम की हात पुरत नसत. पुढे मोटारी आल्या. मग अण्णा — माझा थोरला भाऊ — मोटारींच्या गाद्या आणि टपं शिवायला लागला. आणि मग एका तापात त्याचा उजवा हात गेला. म्हणजे दिसायला शाबूत होता, पण थरथरायचा. चामडं कापून देता येई, आरी धरून टाका घालता येत नसे.

मी तेव्हा सासरहून परत आलेली. का आले ते इथे नको. लहानपणी वडिलांनी मला हौसेनं टाका शिकवला होता. मराठी चौथीपर्यंत शाळा झाली, त्याहून जास्त मी त्यांच्या मांडीजवळ बसून शिकले. तेव्हा पडद्याच्या आत बसून मी शिवायचं आणि बाहेर अण्णानं ते आपलं म्हणून द्यायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे कुणी बोलून ठरवलं नाही. एक दिवस त्यानं आत चामडं टाकलं, मी शिवलं. झालं.

मला त्याचं वाईट वाटायचं का? तेव्हा विचारलं असतंस तर नाही म्हटलं असतं. माणसांसमोर यायची मला भीतीच वाटे. पडदा होता ते बरंच होतं. पण पडद्याआड बसून माणूस ऐकतो — आणि ऐकलेलं साठत जातं.

आता यल्लाप्पामिस्त्री.

तो मूळचा उचगावचा. सायबांच्या मोटारी दुरुस्त करून करून शिकलेला. युद्धाच्या आधीची एक-दोन वर्षं असतील. एका सायबाची मोठी मोटार घाटात उलटली होती. निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं ती मोडीत घेतली आणि मिस्त्रीला म्हणाला, मागचा भाग कापून हिची लॉरी कर. शिवारातून तंबाखूचे बोद, म्हणजे गच्च बांधलेले गठ्ठे, निपाणीला आणायला. ते रस्ते तुला माहीत आहेत का? रस्ते नाहीतच. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, त्यात गुडघाभर खड्डे, मधे धोंडे. लॉऱ्या तिथे वाकड्या व्हायच्या, बोद घसरून खाली यायचे.

पण ह्या मोटारीत एक निराळं होतं. बाकी लॉऱ्यांना पुढे एक आडवा कणा असतो, एक चाक उचललं की दुसरं कलतं. हिची पुढची दोन्ही चाकं सुटी होती. प्रत्येकाला आपली वेगळी वेटोळ्याची स्प्रिंग. एक धोंड्यावर चढलं तरी दुसरं खड्ड्यात आपलं आपण उतरायचं. मिस्त्री ह्या गोष्टीवर अगदी खुळावला होता. दुकानात येऊन अण्णाला जमिनीवर खडूनं काढून दाखवायचा. मी पडद्याच्या फटीतून बघायची.

"कंपनीनं चाक लई कमी उतरू दिलंय बघ अण्णा. डांबराच्या रस्त्याची गाडी ती. मी खालचा रबराचा गुटका काढतो, स्प्रिंग जरा मऊ घालतो. चाक आनखी चार बोटं खाली जाईल. खड्डा किती का असंना, चाक भुई सोडायचं न्हाय."

"आनी लईच खाली गेलं तर?"

"तर स्प्रिंग घरातनं उडून बाहेर पडंल, आनी चाक घडी घालून बसंल. म्हणून तर तुज्याकडं आलोय. पट्टा पायजे. दोन बाजूला दोन. चाक ठरल्याच्या खाली जाऊ लागलं की पट्ट्यानं धरायचं."

अण्णा म्हणाला, साखळी लाव की. मिस्त्री हसला. "साखळी झटका देती, बोल्ट तोडती. चामडं आधी जरा सैल पडतं, मग धरतं. शान्या बायकोगत."

व्यापाऱ्यानं त्याला शब्द दिला होता — ह्या हंगामात ही लॉरी शिवारातून धड चालली तर निपाणीत त्याला स्वतःची शेड घालून देईन, बाकीच्या लॉऱ्याही त्याच्याच हाती देईन. आयुष्यभर दुसऱ्याच्या गॅरेजात पाने उचलून देणारा माणूस. त्या शेडचं तो इतकं बोलायचा की दाराला रंग कुठला द्यायचा हेही मला माहीत झालं होतं. हिरवा.

डाव्या चाकाचा पट्टा मी आधी शिवला. म्हशीचं जाड चामडं दोन पदरी, दोन्ही टोकांना लोखंडी कडी, कडीपाशी मेणवलेल्या दोऱ्याच्या दोन ओळी. टाका चुकून कुठे वाकडा गेला नाही. मिस्त्री दुपारी आला, पट्टा दुकानाच्या तुळईला अडकवला आणि त्याला लोंबकळून पाय वर घेतले. झोके घेतले. बाहेरचे टांगेवाले हसायला लागले.

"अण्णा, तू मेल्यावर तुजं हात मला दे बाबा. जाळू नगंस."

अण्णाही हसला. "घराण्याचा हात हाय त्यो."

"आनी आत आक्का काय करती?"

खरं सांगते, मी श्वास धरून बसले होते. काय वाटलं होतं मला? की अण्णा नाव घेईल? एवढं नाहीच. नुसतं 'मदत करती' म्हणाला असता तरी मला पुरलं असतं. तो म्हणाला, "ती काय करनार? दोरा वळती. बाईमान्साला काय कळतंय ह्यातलं."

आता येतंय ते. थांब जरा.

त्याच दुपारी मी उजव्या चाकाचा पट्टा शिवायला घेतला. पहिली ओळ नीट घातली. दुसऱ्या ओळीला आरी लावली आणि — मला कुणी भाग पाडलं नाही, घाई नव्हती, दोरा संपला नव्हता, उजेड भरपूर होता — ती ओळ मी नुसत्या वरच्या पदरातून घातली. खालच्या पदराला दोरा लागलाच नाही. वरून बघितलं तर दोन ओळी, एकसारख्या, सुरेख. धरणारी ओळ एकच. खालच्या बाजूला दिसू नये म्हणून तिथे रिकाम्या आरीनं खुणा उठवल्या आणि मेण घासलं. इतकी मेहनत घेतली मी. सरळ शिवायला जितकी लागते त्याहून जास्तच.

मला काय हवं होतं? दोन-चार दिवसांत पट्टा उसवेल, मिस्त्री तो घेऊन येईल आणि टांगेवाल्यांसमोर म्हणेल, अण्णा, हात गेला रं तुजा. एवढंच. अण्णाचं तोंड मला बघायचं होतं. त्या पट्ट्याला एक चाक असेल, चाकावर लॉरी, लॉरीवर माणूस — हे मनात आलं नाही असं लिहायला बसले होते. पण ते खरं नाही. आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

मिस्त्रीनं दुसरा पट्टा ओढून बघितला नाही. "त्यो बघितला म्हंजे ह्यो बघितला," म्हणाला आणि खांद्यावर टाकून गेला.

पाचव्या दिवशी लॉरीचा ड्रायव्हर दुकानात आला. त्यानं अण्णाला सांगितलं ते मी पडद्याआडून ऐकलं. सकाळपासून लॉरी अशी चालली होती की शेतातली माणसं काम टाकून बघायला यायची. एक चाक बांधावर, एक खड्ड्यात, आणि वर बोद जागचा हलत नव्हता. मिस्त्री पुढच्या मडगार्डावर बसला होता, ओणवा होऊन उजवं चाक कसं खालीवर होतंय ते बघत. तो बोट दाखवून ड्रायव्हरला ओरडला, "बघ, बघ कसं उतरतंय!" आणि ओढ्याच्या उतारावर चाक खड्ड्यात गेलं ते थांबलंच नाही. स्प्रिंग उडाली, चाक आत मुडपलं, लॉरी त्या अंगावर बसली. मिस्त्री खाली पडला आणि उजवा हात मडगार्डाखाली सापडला. तीन बोटं दवाखान्यात काढून टाकली. अंगठा आणि करंगळी राहिली.

ड्रायव्हरनं एक पोतं आणलं होतं. "चामड्याचं तुमचं काय ते ह्यात हाय," म्हणून ठेवून गेला. अण्णानं पोत्यात हात घातला, पट्टा अर्धा बाहेर काढून बघितला, मग पोतं पडद्याखालून आत सरकवलं. त्यानं काय पाहिलं? मी कधी विचारलं नाही. त्यानंही नाही.

आत उजवा पट्टा होता. खरी ओळ फाटून कडी निघून गेली होती. खोटी ओळ जशीच्या तशी, वरच्या पदरात. एक टाका उसवला नव्हता. मी रापीनं त्याचे तुकडे केले आणि न्हाणीच्या चुलीत घातले. चामड्याचा वास सुटला. पण आमच्या घराला तो वास नेहमीचाच, वैनीनं मान वर करूनही बघितलं नाही.

इथपर्यंतच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. रागात हातून झालं, म्हटलं असतं. पण पुढचं रागात झालं नाही.

महिन्याभरानं मिस्त्री आला. हात फडक्यात गुंडाळलेला. डावा पट्टा सोबत घेऊन आला होता. तो शाबूत होता, फक्त जरा ताणलेला. उजव्याचं काय झालं म्हणून त्यानं अण्णाला विचारलं. अण्णा म्हणाला, तुकडं झालतं, टाकलं. मिस्त्री बाकावर बसला. मग पडद्याकडे तोंड करून, हळू, टांगेवाल्यांना ऐकू जाणार नाही असं बोलला —

"आक्का, एक इचारतो. शिवणारा कोन हाय ते मला पैल्यापास्नं ठावं हाय. अण्णाचा टाका उजवीकडं कलायचा, ह्यो सरळ जातोय. म्हणून तर तोंड भरून बोलत हुतो, आत ऐकू जावं म्हणून. आता खरं सांगा. दोनी पट्टं सारखंच शिवलासा न्हवं?"

कळलं तुला? त्याचं कौतुक माझ्यासाठी होतं. जगात एका माणसानं माझा टाका ओळखला होता, आणि मी त्याच्याच पट्ट्याला खोटी ओळ —

आणि तो का विचारत होता तेही मला कळत होतं. कुणाला धरायला नाही आला तो. त्याला एवढंच हवं होतं: पट्टा कच्चा होता, की त्याचा अंदाज चुकला होता? पट्टा कच्चा असेल तर त्याची अक्कल खरी. बोटं गेली तरी अक्कल राहते. व्यापाऱ्यापुढे जाऊन सांगता येतं. नुसतं सांगून दुसऱ्याच्या हातून काम करून घेता येतं. ती शेड अजून गेलेली नव्हती. ती माझ्या तोंडात होती.

अण्णा माझ्याकडे बघत नव्हता. रस्त्याकडे बघत होता. एक शब्द बोलले असते तर आमचं दुकान उघडं पडलं असतं, हे खरं. पण मला तेव्हा दुकान आठवलं नाही. मला फक्त माझी लाज आठवली.

मी म्हटलं, "व्हय."

त्यानं हातातला पट्टा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मग माजाच अंदाज चुकला." वैनीनं पाणी दिलं, ते डाव्या हातानं प्याला, आणि गेला. डावा पट्टा बाकावर राहिला.

शेड झाली नाही. व्यापाऱ्यानं दुसरा मिस्त्री ठेवला, त्यानं पुढे आडवा कणा घातला. यल्लाप्पामिस्त्री आता कॅम्पात टायरांत हवा भरतो. नवी पोरं काही खटपट करायला लागली की हसत हसत हात दाखवतो — "कंपनीच्या अकलंवर अक्कल चालवाय गेलो, तीन बोटं देऊन आलो." पोरं हसतात. मग ती पोरंही काही करत नाहीत.

युद्धात कॅम्प लष्करी गाड्यांनी भरला. एकदा एक गाडी आमच्या दुकानासमोर उभी राहिली. पुढची चाकं सुटी सुटी. आणि प्रत्येक चाकापाशी, मिस्त्रीनं खडूनं काढून दाखवला होता अगदी त्याच जागी, एक जाड पट्टा. मिस्त्री तिथून जात होता. थांबला. गुडघ्यावर बसून खाली वाकला, दोन बोटांनी पट्टा चाचपला. अण्णा तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता, दुकानात मी एकटी. दारापासून तो चार पावलांवर होता.

उठला तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "त्यांस्नी जमलंय की आक्का. मलाच जमलं न्हवतं."

मी मान हलवली.

अण्णा गेल्या वर्षी गेला. आता दुकान माझंच आहे, कॅम्पात सगळ्यांना माहीत आहे कोण शिवतं ते. लपवायला काही उरलं नाही, कुणी उरलं नाही. मिस्त्री रोज सकाळी पंप घेऊन इथूनच जातो, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळून. आजही गेला. मी आरी खाली ठेवली, उठले, आणि पडदा ओढून घेतला.