कवळीवाले गाडी शिकतात

गावात चार म्हाताऱ्या तोंडांत डोकावलं तर निदान दोनांत तरी कवळीवाल्यांची कारागिरी सापडायची. पन्नाशी उलटलेला हा एकटा जीव. दुकानाच्या वरच दोन खोल्यांत राहायचे आणि गुलाबी मेणावर एकेक दात बसवताना गुणगुणायचे. शाळेपासूनची मैत्रीण मात्र त्यांना सरळ 'बत्तीशी' म्हणायची.

मैत्रीण आणि तिचा नवरा गाडी शिकवायचा क्लास चालवायचे. नवरा कवळीवाल्यांचाही जिवलग. तो एका सकाळी बसल्या जागी गेला, आणि तिने क्लास बंद करून अंथरूण धरलं. शेवटी लेक दुकानात आली.

"काका, आई कुणाचंच ऐकत नाही. तुम्हीच काहीतरी करा."

कवळीवाले तडक तिच्या दारात. "मला गाडी शिकव."

"तुला? सायकलवरून गटारात पडणाऱ्याला?"

"म्हणूनच. गाडी गटारात मावत नाही."

नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मग किल्ली शोधायला उठली.

कवळीवाल्यांनी दोन कुंड्या आणि एक फाटक पाडलं, पण ती रोज घराबाहेर पडू लागली. हळूहळू बाकीचे विद्यार्थीही परतले. इकडे कवळीवाले बुटांना पॉलिश करू लागले. ती त्यांना शाळेपासून आवडायची. पण मित्राने आधी विचारलं आणि हे गप्प बसले. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं दुरुस्त केली, स्वतःचं काही उघडलं नाही.

ते उघडलं भर बाजारात.

"मी काय म्हणतो..."

"आधी आरशात बघ."

"आपण लग्न करूया का?"

तिने तिच्या बाजूचा ब्रेक कचकन दाबला. मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ.

"गाडी कडेला घे," ती म्हणाली. त्यांनी ती घेतली, आणि पहिल्यांदाच झकास घेतली.

"बत्तीशी, तू नसतास तर मी अजून पलंगावरच असते. पण माझ्या मनात तसं नाही रे. कधीच नव्हतं. उगाच हो म्हणून तुला फसवू?"

"नको."

"रागावलास?"

"छे. पण जरा वेळ लागेल."

आठवडाभर ते फिरकले नाहीत. कामात लक्ष कुठलं? एका आजोबांच्या कवळीत दाढा उलट्या बसल्या. आजोबांनी ती तोंडात घालून खटखट केली. "हिच्याने जेवायचं की ताल धरायचा?"

कवळीवाले हसत सुटले. हसता हसता डोळे भरून आले. आजोबांना दाढा नीट करून दिल्यावर त्यांनी तोंड धुतलं आणि क्लासची वाट धरली.

ती एका नवख्या मुलीला शिकवत होती. त्यांना पाहताच भोंगा वाजवला.

"मागे बस. हिचं झालं की तू. रिव्हर्स कच्चा आहे तुझा."

ते मागे बसले.

लायसन्स मिळायला बऱ्याच खेपा लागल्या. मिळालं त्या दिवशी आइस्क्रीम तिनेच खिलवलं. ती अजूनही तितकीच आवडते, हे त्यांनी काही तिला सांगितलं नाही. तिला ते ठाऊक होतं, आणि तिने कप त्यांच्याकडे सरकवत विचारलं, "अजून घेणार?"