अप्पाची वीत

पिंगळीच्या माळावर प्रयोग करायला आलेल्या शास्त्रज्ञ डॉक्टरसाहेबांनी बसलिंगअप्पाला फसवलं. काम त्याचं घेतलं, नाव स्वतःचं लावलं.

अप्पा ताडकळसचा रेडिओ मेकॅनिक. परभणीतलं माझं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान मी सायकलवरून फिरून माल विकत उभं केलं. तिथं बसून तो तारा मापायचा, फुटपट्टीनं नव्हे, वितीनं. गिऱ्हाइकावर मी खेकसलो की मान वर न करता म्हणायचा, "शेठ, आवाज वाढवायलाव. माल तेवढाच हाय."

नामांतराच्या दंगलीला दोनेक वर्षं झाली असतील. माळावर आकाशातून येणारे कण टिपणाऱ्या पेट्या मांडल्या गेल्या. वरच्या आणि खालच्या पेटीतून एकाच क्षणी खूण आली तरच नोंद घ्यायची. हे ठरवणारं सर्किट म्हणजे ट्रिगर. त्याच्या जोडणीला साहेबांनी अप्पाला रोजंदारीवर घेतलं आणि अहवाल छापून आला की कायम करू, असा शब्द दिला.

ट्रिगर काही नोंद घेईना. इंजिनियरांनी दोनदा बोर्ड बदलला. आठवडाभर तारांतल्या खुणा दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर नजर लावून बसलेला अप्पा म्हणाला, "सायेब, बोर्ड चांगला हाय. खालची तार लांब हाय, तिची खबर उशिरा यायलीय. वरचीला बी थोडं थांबवा. एका वितीला सेकंदाचा अब्जावा हिस्सा जातो. वरच्या तारेला सात वीत जोडा."

साहेब हसले. पण सात वीत तार जोडली आणि ट्रिगर चालू झाला. मग सगळ्या पेट्यांच्या तारा अप्पानंच कापल्या.

अहवाल आला. त्यात तारांची मापं होती: एकवीस सेंटिमीटर, बेचाळीस, एकशे सत्तेचाळीस. मी अप्पाचा पंजा पट्टीवर ठेवला. वीत एकवीस भरली. नाव मात्र कुठंच नव्हतं.

मी साहेबांकडे गेलो. आधी पहिल्या पानावर नाव मागितलं, मग शेवटच्या, मग तळटीपेवर आलो. कुठल्याच सौद्यात मी इतका खाली उतरलो नव्हतो. ते म्हणाले, मिस्त्र्यांची नावं घालायची पद्धत नाही. आणि छापील नाव नाही म्हणून कायम करता येत नाही.

अप्पा एवढंच म्हणाला, "मशीन चालायलंय न्हवं? चला." पुन्हा रेडिओ दुरुस्त करू लागला. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या साली तो गेला.

त्याची बायको गंगाबाई ताडकळसलाच राहते. डॉक्टरसाहेब, माझ्याशी बोलू नका, मी भांडखोर आहे. तिच्या ओसरीवर येऊन बसा आणि तिला सांगा, तिच्या नवऱ्याचं नाव का गाळलं?