चौदा फोटो आणि एक मिरची कांडप

आमच्याकडे फ्लेक्स करायला येणारा माणूस काय विकायचंय ते आधी सांगत नाही. आधी खिशातून मोबाईल काढतो आणि फोटो दाखवायला लागतो. हे साहेब वर मध्ये, हे त्यांच्या उजव्या हाताला, हे जरा लहान चालतील, पण यांना वगळलं तर माझं काही खरं नाही. एवढं सगळं झाल्यावर मी विचारतो, "आणि दुकान कशाचं हाय?" तेव्हा त्याला दुकान आठवतं.

तीस वर्षं मी हेच करतोय. सोनईच्या अलीकडं, स्टँडला लागून माझी टपरीवजा खोली आहे. पहिली पंधरा वर्षं ब्रशनं पाट्या रंगवल्या. मग कॉम्प्युटर आला, आता डिझाईन मी करतो आणि छपाई नगरहून टेम्पोनं येते. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा पाट्यांवर अहिल्यानगर करून द्यायची कामं बरीच आली, पण त्यातला प्रत्येक जण निघताना "नगरला चाललोय" म्हणूनच निघाला.

ब्रशच्या दिवसांत एक बरं होतं. पाटीचे पैसे अक्षरावर ठरायचे, त्यामुळे लोक मोजकं लिहायचे. 'सायकल दुरुस्ती' म्हणजे सायकल दुरुस्ती. आता फुटावर पैसे, अक्षरं कितीही कोंबा. तेव्हापासून लोकांची अक्कल गेली असं मी म्हणत नाही, पण ती वापरायची गरज राहिली नाही. 'बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही' ही म्हण मला दर आठवड्याला कोणीतरी ऐकवतो. खरं आहे. पण बोलायचं ते मातीबद्दल की साहेबांबद्दल, एवढं तरी ठरवा. मी सांगून सांगून थकलो, आणि थकलेला माणूस शेवटी गिऱ्हाईक म्हणेल तसं करतो.

संक्रांतीनंतर एक बाई दुकानात आल्या. चाळिशीच्या असतील. गावातल्याच, वरच्या आळीच्या. नवरा ट्रकवर होता, दोन वर्षांपूर्वी गेला. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला दादा. त्यांनी नवऱ्याच्या विम्याचे पैसे घालून मिरची कांडपाचं मशीन आणलं होतं आणि घरापुढच्या पत्र्याच्या शेडात बसवलं होतं. पाडव्याच्या आधी सुरू करायचं होतं, कारण उन्हाळ्याचे तीन महिनेच मसाल्याचे. नंतर वर्षभर कोण मिरची कांडतंय?

"बोर्ड लागंल ना दादा? लोकांला कळाया पायजे."

मी म्हणालो, "लागंल की. पन आधी सांगा, तुमच्याकडं कोन येनार आन कशापायी येनार?"

असं मी सगळ्यांना विचारतो आणि बहुतेक जण माझ्याकडं वेड्यासारखं बघतात. ह्या बाईनं विचार केला. म्हणाल्या, "खालच्या आळीच्या जुन्या कांडपावर बाया पिशवी ठिवून जात्यात. आधीच्या बाईचा मसाला भांड्यात तसाच ऱ्हातो, तो आपल्यात येतो. माज्याकडं मी भांडं झाडून, फडक्यानं पुसून घेईन. आन बाईनं समोर बसावं. सावली हाय, पानी हाय."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. तीस वर्षांत असं उत्तर देणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. मी त्यांना घोडेगावच्या बाजाराचं सांगितलं. तिथं म्हैस विकणारा पाटी लावत नाही, गिऱ्हाइकासमोर धार काढून दाखवतो. बादली भरली की बोलायचं काम संपलं. "तुमचं तसंच हाय," मी म्हणालो, "समोर कांडून दावा." आणि लगेच एक साधं डिझाईन करून दाखवलं. पिवळ्यावर लाल अक्षरं. मिरची कांडप. भांडं पुसून, तुमच्या समोर. खाली फोन नंबर. बस.

त्या बघत राहिल्या. मग न विचारता म्हणाल्या, "माजी पोरगी एकोनीसची हाय. नर्सिंगला जायचं म्हनती, नगरला. हे चाललं तर तिला घालीन. न चाललं तर दीर म्हनतो, स्थळ आलंय, उरकून टाकू."

त्या डिझाईनला त्यांनी होकार दिला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी दीर आला.

इथं गावाचं थोडं सांगायला हवं. आमच्याकडे दोन गट आहेत, वरच्या आळीचा आणि खालच्या आळीचा. सोसायटी एकाकडे, ग्रामपंचायत दुसऱ्याकडे. लग्नात जेवायला कोणत्या पंगतीत बसायचं इथपासून दूध कोणत्या संकलन केंद्रावर घालायचं इथपर्यंत सगळं त्यावर ठरतं. बाहेरच्याला हे हसण्यावारी वाटतं. आम्हाला ते हवेसारखं आहे, दिसत नाही आणि सुटतही नाही. बायकांचं मात्र बऱ्यापैकी वेगळं होतं. हळदीकुंकू, शेवया, पापड, मसाला यात गट फारसा शिरला नव्हता. चांगलं कांडप असेल तिकडं बाई जायची.

दीर वरच्या गटाचा कार्यकर्ता. मोबाईल काढून त्यानं चौदा फोटो दिले. वर दोन मोठे साहेब, मग तालुक्याचे, मग गावातले, मग तो स्वतः गॉगल लावून. उद्घाटनाला साहेब येणार होते.

"आरं, पन ही बायांची गोष्ट हाय," मी म्हणालो. "खालच्या आळीच्या बाया हे बघून येतील का?"

"न्हाई आल्या तर न्हाई आल्या. आपली वस्ती काय कमी हाय का? आन फोटू न्हाई टाकला तर साहेब येतील व्हय उद्घाटनाला?"

"साहेब येऊन मिरची कांडनार हायेत का?"

तो हसला नाही. ताई मागं उभ्या होत्या. शेडाची जागा दिराच्या नावावर होती हे मला तेव्हा कळलं. त्या खाली बघून म्हणाल्या, "करा दादा, ते म्हनतात तसं."

मी आणखी एकदा बोलायला हवं होतं. नाही बोललो. दहा बाय वीसचा फ्लेक्स केला, एक ना धड भाराभर चिंध्या. चौदा चेहरे, सगळ्यांची नावं आणि पदं, शुभेच्छुक म्हणून आणखी नावं. मिरची कांडपाला कोपऱ्यात जागा उरली. ज्या बाईचं मशीन, तिचा फोटो नव्हता. तिचं नावसुद्धा दिराच्या नावाखाली बसलं. माझं कॉम्प्युटरचं काम मात्र सफाईचं झालं, ते मी छान करतो.

उद्घाटन जोरात झालं. फटाके, फेटे, भाषण. भाषणात साहेब साखरेवर बोलले, कांद्यावर बोलले, मिरचीवर एक शब्द नाही. दुसऱ्या दिवसापासून वरच्या आळीच्या बायका येऊ लागल्या. ताई तोंडाला ओढणी बांधून, डोळे लाल करून उभ्या असायच्या, प्रत्येक पिशवीआधी भांडं झाडून पुसायच्या. काम खरंच चांगलं होतं. खालच्या आळीतून आणि त्यांच्या मळ्यांतून कोणी आलं नाही. एक म्हातारी आली होती, तिचा मुलगा मोटारसायकलवर येऊन अर्धी कांडलेली मिरची उचलून तिला घेऊन गेला. आतापर्यंत जे मसाल्यात नव्हतं ते आम्ही दहा बाय वीसच्या आकारात मसाल्यात आणलं होतं.

पंधरा दिवसांनी ताई आता काय करावं ते विचारायला आल्या. मी म्हणालो, "आधी तो फ्लेक्स काढा." दीर तेव्हा साहेबांच्या मागं बाहेरगावी होता. त्यांनी काढला.

आता आमच्याकडे फ्लेक्स कोणी टाकून देत नाही. कांदाचाळीवर घालतात, गोठ्याला आडोसा करतात, वाळवणाखाली अंथरतात. कापड चांगलं असतं. ताईंनी तयार मसाला विकायचा म्हणून थोडी मिरची आणली होती, ती वाळवायला शेडापुढं तोच फ्लेक्स अंथरला. उलटा अंथरला, चेहरे खाली. एवढी काळजी घेतली. पण दुपारी वारं सुटलं, एक बाजू उलटली, त्यांनी घाईनं दगड ठेवून मिरची सावरली आणि सावरताना ती उलटलेल्या बाजूवरच पसरली. कोणीतरी रस्त्यानं जाताना फोटो काढला. संध्याकाळपर्यंत मोठ्या साहेबांच्या तोंडावर मिरच्या वाळताना अख्ख्या तालुक्यानं बघितलं.

खालच्या गटानं तो फोटो इतका फिरवला की विचारू नका. वरचा गट पेटला. साहेबांचा अपमान. दीर परत आला तो आरडाओरडा करतच. वरच्या आळीच्या बायकाही बंद झाल्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्यांनी बंद केल्या. आणि जे खालचे हसत होते, ते हसायला आले, कांडायला कोणीच नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं. ताईंनी शेजारच्या दोन गावांत फिरून बघितलं, पण पाच किलो मिरची घेऊन कोण आठ किलोमीटर येतंय?

मी त्या दिवसांत खूप चिडलो होतो. येईल त्याला सांगायचो. धंदा करायचा तर डोकं वापरा. गिऱ्हाइकाला काय हवंय ते बघा, स्वतःला कोण मोठं वाटतं ते नको. चहाच्या टपरीवर मी हे इतक्यांदा बोललो की टपरीवाला मला मास्तर म्हणायला लागला. मला ते आवडत होतं, हेही खरं.

वैशाखात ताई परत आल्या. हातात वहीचा एक कागद होता.

"पत्रिका छापायच्यात दादा. शंभर बास झाल्या."

कागदावर मुलीचं नाव होतं. नवरदेव नेवाशाकडचा. मी कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "आन नर्सिंग?"

"मशीन दिलं इकून. राहुरीकडचा मानूस आला हुता, घेऊन गेला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला राग चालला असता. "पोरगी दोन दिवस जेवली न्हाई. आता जेवती."

मी म्हणालो, "ताई, त्या फ्लेक्सचं मला तवाच कळत हुतं. मी अडून बसायला पायजे हुतं."

"ते माज्या दिराचं. तुमी सांगितलं हुतं, मला म्हाईत हाय." त्या जायला वळल्या. "दादा, यंदा तुमच्या घरची मिरची कुठं कांडली?"

मी म्हणालो, "यंदा बायकोनं माहेरून तयार मसाला आनला."

त्यांनी मान हलवली. "बरं. मला वाटलं, जुन्या कांडपावर. वैनी पिशवी घेऊन जाताना दिसल्या हुत्या. माज्या दारावरनंच रस्ता हाय ना."

मग त्या मुलीच्या नावाचं अक्षर जरा मोठं घ्या म्हणाल्या, आणि गेल्या.

बायकोनं मला विचारलं होतं. पाडव्यानंतरची गोष्ट, फ्लेक्स अजून वर होता. मिरची भाजून, खोबरं घालून पिशवी भरली होती आणि दारात उभी राहून म्हणाली, "नवीन कांडपावर नेऊ का? भांडं पुसून देती म्हनं." मी मोबाईलवर खालच्या गटाच्या सरपंचाच्या वाढदिवसाचं डिझाईन बघत होतो. वर्षाला माझ्या कामातलं निम्मं काम त्याच्याकडचं. कोणी बघितलं तर, असा विचार डोक्यात आला, आणि मी मान वर न करता म्हणालो, "नको. जुन्यावरच ने."

फ्लेक्स चुकला, ते गावाला दिसलं. पण त्या बाईला खालच्या आळीतून पहिलं गिऱ्हाईक मिळवून द्यायला फ्लेक्स लागतच नव्हता. मी खालच्या आळीचाच, घर तेवढं ताईंच्या शेडापलीकडं मळ्यात. माझी बायको पिशवी घेऊन त्या शेडात सावलीला बसली असती, तर तिच्या मागून शेजारीण गेली असती, आणि तिच्या मागून तिची जाऊ. हे मला त्या दिवशीही कळत होतं.

पत्रिकेचं काम मी दुसऱ्या कोणाकडे दिलं नाही. मुलीचं नाव मोठं घेतलं. खाली दिरानं पाठवलेली साहेबांची नावं होती, तीही सगळी घातली.