थायरॉइडची म्हणवलेली गोळी

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर तुमच्यातली थोरली म्हणाली, "आजी, मलाही तुझीच लिथियमची गोळी सुरू झाली. आणि डोकंही तुझ्यासारखंच अर्धं दुखतं." किती सरळ बोललीस गं! मला इतका आनंद झाला की चहा तसाच ठेवून लिहायला बसले. हे तुला आजच कळायला हवं.

मला बायपोलर आजार आहे. मन कधी उंच उडतं, कधी तळाला बसतं. लिथियमने ते जागेवर राहतं. पण पाहुण्यांसमोर त्या गोळीला 'थायरॉइडची' म्हणायचं, असा तुमच्या पणजीने घरात नियमच घालून दिला होता.

एका नवरात्रात घट बसले आणि त्याच दिवशी माझी अर्धशिशी उठली. उपवास होता, पाणीही कमीच पोटात जात होतं. पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर देवीची पालखी जाते, ती पाहायला जायचं ठरलेलं. मुरगूडहून वन्सं, म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहीण, आल्या होत्या. त्यांच्या पर्समध्ये अंगदुखीच्या गोळ्या कायम.

"वहिनी, दुसरी कुठली गोळी चालू हाय?"

"थायरॉइडची," आजोबांनी सवयीने सांगून टाकलं.

"मग चालतंय की! घ्या."

मी सकाळ-संध्याकाळ घेत राहिले. डोकं थांबलं, पण पंचमीच्या आदल्या दिवशी हात थरथरू लागले, उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला. उपवासाचं पित्त, असं सगळे म्हणाले. शेवटी दवाखाना गाठला.

"आणखी काही औषधं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"थायरॉइडची!" वन्सं खणखणीत आवाजात म्हणाल्या.

जीभ जड झाली होती. तरी मी म्हणाले, "थायरॉइड नाही. लिथियम. मला बायपोलर आहे."

मग डोकेदुखीवर काय घेतलं, हे बाईंनी लगेच विचारलं. वन्संच्या पर्समधली गोळी पाहून त्या म्हणाल्या, "हिच्यामुळे लिथियम शरीरातच साठत जातं. त्यात पाणी कमी." ताबडतोब रक्त तपासायला गेलं, सलाईन लागलं. लिथियमचं प्रमाण खरोखरच वाढलेलं निघालं.

"अवो, मग आदी सांगायचं की!" वन्सं उसळल्या. "मी काय मुरगूडच्या बाजारात दवंडी देणार हुते व्हय?"

सलाईन लावलेल्या हातानेच मी तोंड दाबून हसले.

प्रमाण उतरल्यावर मनाच्या डॉक्टरांनी लिथियम पुन्हा सुरू केलं. डोक्याच्या डॉक्टरांशी बोलून मला चालेल असं दुसरं औषध ठरवलं. अर्धशिशी येऊच नये म्हणून रोज ज्या गोळ्या देतात त्यांतल्या काही नैराश्यावरच्याही असतात, त्यांनी आपल्यासारख्यांचं मन एकदम उंच जाऊ शकतं, हेही तेव्हाच कळलं. म्हणून बाळ, दुकानातली साधी वेदनाशामक गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नकोस, आणि लिथियम आपल्या मनाने बंद करू नकोस. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही दुखणी सांग.

पालखी मी पुढच्या वर्षी पाहिली. अर्धशिशी अजून अधूनमधून येते. वन्संही दर नवरात्रात येतात आणि चपला काढायच्या आधीच दारातून ओरडतात, "वहिनी, लिथियम चालू हाय न्हवं?"

सगळी गल्ली ऐकते. गोळी चालू आहे.