डोंगर सेंटिमीटरभर खचला तेव्हा

"डोंगर दमून खाली बसला म्हणायचा," पार्टिशनच्या पलीकडून ताई म्हणाल्या.

"बसू द्या बापड्याला," सर म्हणाले. "तो पॉइंट काढून टाका. चहा घेऊन येऊ, मग उरलेल्या पॉइंटांची यादी पाठवू."

दोघं कँटीनकडे गेले. मी अलीकडच्या बाजूला मान खाली घालून बसले होते.

पॉइंट म्हणजे हिमालयातल्या एका गावाच्या वर, खडकात बसवलेली पितळी खूण. दरवर्षी पुण्याहून आमच्यापैकी कोणीतरी तिथे जातं, खुणेवर तिपाई उभी करतं, तिच्यावर जीपीएसचा अँटेना चढवतं आणि तीन दिवस तो तसाच चालू ठेवतं. वर्षभरात जमीन किती सरकली ते त्यातून कळतं. जिथे ती सरकायची थांबून अडकते, तिथे ताण साठतो. मोठ्या भूकंपाचा धोका कुठे आहे याचा अंदाज त्यावरून बांधायचा. यंदा आमच्या आलेखात ही खूण एकदम सेंटिमीटरभर खाली गेली होती. शेजारच्या खुणा मात्र जागच्या जागी.

पॉइंट काढला तर आजवरच्या सगळ्या खेपा फुकट जाणार होत्या आणि नकाशात नेमकी मधली जागा रिकामी राहणार होती. शिवाय यंदा तिथे मी गेले होते. माझी पहिलीच खेप.

टेप धरायचं काम माझं होतं. खुणेपासून अँटेनाच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं आणि फॉर्म भरायचा. अँटेना किती उंचावर आहे त्यातून हे अंतर वजा केलं की खुणेची उंची मिळते. वारा इतका की फॉर्म गुडघ्याखाली दाबून लिहीत होते. तेवढ्यात खुणेखालच्या शेताची मालकीण चहा घेऊन वर आली. डब्याएवढ्या यंत्राकडे बघून म्हणाली, "इससे पहाड़ नापोगी? इससे तो मैं आटा भी न नापूँ!" मी अनोळखी माणसांशी फारशी बोलत नाही. तिच्याशी बोलले. तिने माझे कान स्वतःच्या शालीत गुंडाळून टाकले आणि मी पुण्यात महिनाभरात हसत नाही तेवढी त्या सकाळी हसले.

आता दोघं कँटीनमध्ये असताना मी फोनमधला त्या सकाळचा फोटो उघडला. तिचा हात, वाफाळता ग्लास आणि मागे टेप, खुणेपासून अँटेनाच्या कडेला तिरकी गेलेली. मग फॉर्म उघडला. 'तिरकी' आणि 'उभी' असे दोन चौकोन. माझी टिक 'उभी'वर.

मी कोरा कागद पुढे ओढला. शाळेतला काटकोन त्रिकोण. टेप ही तिरकी बाजू, अँटेनाची त्रिज्या हा पाया. उभी बाजू काढली, ती टेपच्या आकड्यापेक्षा सेंटिमीटरभर कमी भरली. आलेखात घातली आणि ठिपका टुणकन वर येऊन मागच्या वर्षांच्या ठिपक्यांच्या रांगेत बसला. नववीत गणिताचा तास कधी संपतो याची वाट बघणारी मी, त्या त्रिकोणाकडे बघून खुर्चीत बसल्या बसल्या चक्क पाय नाचवले.

मग सवयीने ईमेल लिहायला घेतला. माझी ऑफिसातली बहुतेक वाक्यं ईमेलनेच जातात. इंग्रजीत सावध लिहिणं मला छान जमतं: नोंद करताना चूक झाली असण्याची शक्यता आहे, वगैरे. चूक कोणी केली, याचा पत्ताच नाही. वाक्य दोनदा वाचलं आणि पुसून टाकलं. सर आज मेल उघडणार कधी, यादी तर आता जाणार होती.

दार उघडलं. आल्याच्या चहाचा वास आत आला.

"काय गं, एकटीच हसतेस?" ताईंनी विचारलं. "आम्हाला पण सांग. की मेल करणार आहेस?"

मी उभी राहिले. कान तापले होते, हसू मात्र आवरत नव्हतं.

"सर, तो पॉइंट काढू नका," मी म्हणाले. "डोंगर खचलेला नाही. टेप तिरकी होती आणि फॉर्मवर उभी म्हणून टिक मी केली."